विसरण्याची रक्ततपासणी

कोळवण खोऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र माझ्यासमोर आहे. ते लिहितात की, वय ७१ आहे, अलीकडे माणसांची नावे ओठांवर येऊन अडतात, मुलगा अमेरिकेत असतो आणि अल्झायमर ओळखणारी रक्ताची तपासणी तिकडच्या सरकारने मंजूर केल्याचे त्याने फोनवर सांगितले. "वर्षातून दोनदा साखर तपासतो, तशी हीदेखील तपासणी करून घ्यावी काय? आणि त्यात दोष निघाला तर पुढे काय करावयाचे?" असा त्यांचा प्रश्न आहे. दवाखान्यातही हाच प्रश्न अलीकडे तिघा-चौघांनी विचारला. पौड-पिरंगुटच्या पट्ट्यात मुले परदेशी असलेली घरे आता कमी नाहीत, आणि भूगाव-बावधनकडे तर खास ज्येष्ठांसाठी वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा आजचा लेख या एकाच विषयावर.

बातमी खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये फुजिरेबिओ या जपानी कंपनीची रक्तचाचणी मंजूर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोश कंपनीची दुसरी एक चाचणी मंजूर झाली; ती तर माझ्यासारख्या साध्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यातून सांगता यावी, अशा हेतूने आहे. परंतु दोन्ही चाचण्यांना एक अट आहे. वय ५५ किंवा अधिक हवे, आणि विस्मरणाची लक्षणे अगोदरच दिसू लागलेली हवीत. काही तक्रार नसताना सहज म्हणून करून पाहण्याची ही तपासणी नव्हे. फोनवर सांगताना नेमकी ही अट गळून जाते.

रोग मेंदूत, खूण रक्तात

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना, नवऱ्यावर ती संशय घेई. तिला तपासणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर गाळ साचला होता आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. गाळ असतो तो ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे परिस्थिती अशी होती की, अल्झायमरचे पक्के निदान माणूस गेल्यावरच होई. जिवंतपणी डॉक्टरने प्रश्न विचारायचे, घरच्यांचे ऐकायचे आणि अंदाज बांधायचा. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी ॲमिलॉइडला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन जिवंत माणसाच्या मेंदूतील गाळ पेट स्कॅनवर दाखविला. दुसरा मार्ग मणक्यातील पाणी काढून तपासण्याचा. पेट स्कॅन फार खर्चाचा आणि मोजक्याच शहरांत होणारा. आणि मणक्यात सुई म्हटली की आपल्याकडे रुग्ण खाटेवरून उठून बसतो. मणक्यातील पाणी काढल्याने माणूस पांगळा होतो, ही समजूत चुकीची आहे. पण ती आहे, आणि तिच्यापुढे डॉक्टरचे फारसे चालत नाही.

मग रक्तच का तपासले नाही? कारण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक नाके बसविले आहे. मेंदूतील प्रथिने रक्तात उतरतात ती अगदी नाममात्र. रक्तातील साखर एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम असते. आपण ज्या प्रथिनाबद्दल बोलतो आहोत ते असते एका पिकोग्रॅमच्याही खाली, म्हणजे साखरेच्या शंभर कोटीव्या हिश्श्याहूनही कमी. नेहमीच्या यंत्राला त्याचा पत्ताच लागत नसे.

मार्ग निघाला तो मोजण्याची रीत बदलल्यामुळे. अमेरिकेत डेव्हिड वॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. समजा, रात्रीच्या वेळी मुळशी धरणाच्या या काठावर उभे राहून पलीकडच्या गावात दिवे किती, हे सांगायचे आहे. गावाचा एकूण उजेड मोजू म्हटले तर दोन-चार दिवे अंधारात जमेसच धरले जाणार नाहीत. पण दिवा लागलेली घरे एकेक करून मोजली, तर तीन दिवेही तीनच भरतात. वॉल्ट यांनी हेच केले. रक्तातील प्रथिनाचा एकेक कण एकेका सूक्ष्म चुंबकीय मण्यावर पकडायचा, प्रत्येक मण्याला स्वतंत्र खोली द्यायची, आणि किती खोल्या उजळल्या ते मोजायचे. पुढे इतर कंपन्यांनी वेगळ्या रीतीही काढल्या, परंतु रक्तातील इतक्या बारीक मोजमापाचा रस्ता तेव्हापासून मोकळा झाला.

कोणते प्रथिन मोजायचे, हा दुसरा प्रश्न होता. त्यावर स्वीडनमधील गोथेनबर्गचे काय ब्लेनो व हेन्रिक झेटरबर्ग आणि लुंडचे ओस्कार हान्सन यांच्या गटांनी मोठे काम केले. टाऊ हे प्रथिन म्हणजे जास्तीत जास्त ४४१ मण्यांची माळ समजा. मेंदूत ॲमिलॉइडचा गाळ साचू लागला की, या माळेतील ठराविक मण्यांना फॉस्फेट अधिक प्रमाणात चिकटू लागते आणि अशी माळ रक्तातही अधिक उतरते. त्यांतला २१७ वा मणी सर्वांत भरवशाचा निघाला. म्हणून या खुणेचे नाव पी-टाऊ २१७. अमेरिकेत मे महिन्यात मंजूर झालेल्या चाचणीत हे प्रथिन आणि रक्तातील ॲमिलॉइड यांचे एकमेकांशी प्रमाण काढतात. लक्षणे दिसू लागण्याच्या कित्येक वर्षे अगोदर ही खूण वाढू लागते. या गोष्टीचा आनंद मानावा तेवढीच तिची धास्तीही बाळगावी, त्याबद्दल पुढे.

या शोधाच्या बातमीत प्राध्यापकांची नावे येतात. प्रत्यक्ष नळ्या हाताळणारे हात बहुधा तिशीतल्या मुलामुलींचे असतात. पीएच.डी. झाल्यावर दोन-तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राहून ती काम करतात. त्याला पोस्टडॉक म्हणतात. उणे ८० अंशांच्या शीतपेटीतून वर्षानुवर्षांपूर्वीचे रक्त काढायचे, तेच मोजमाप पुन्हा पुन्हा करायचे आणि दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तर कारण शोधत बसायचे. आपल्याजवळही या प्रथिनांवर काम झाले आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुभाषचंद्रबोस चिन्नथंबी यांच्या गटाने अनेक वर्षे टाऊचा अभ्यास केला. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये डॉ. समीर माजी यांचा गट कंपवाताशी संबंधित प्रथिनाचा, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. सुदीप्त मैती यांचा गट ॲमिलॉइडचा अभ्यास करीत आला आहे. पिरंगुटहून पाषाण काही फार लांब नाही. आपल्या तालुक्यातील विज्ञान शाखेच्या मुलांनी, डॉक्टरकी नाही मिळाली म्हणून कपाळाला हात लावण्यापूर्वी, तिकडे एक चक्कर मारून यावी.

शंभरातील एकसष्ट

या साऱ्या संशोधनातील एक निबंध मी दोनदा वाचला. तो २०२४ मध्ये अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात आला. स्वीडनमधील १,२१३ रुग्णांचा अभ्यास. सरासरी वय ७४. सर्वांना स्मरणाच्या तक्रारी होत्या. डॉक्टरांनी आधी आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे प्रश्न विचारून, छोट्या चाचण्या घेऊन आणि मेंदूचा साधा स्कॅन पाहून सांगायचे की, हा अल्झायमर आहे की नाही. त्यानंतर रक्तचाचणी काय म्हणते ते पाहायचे. साध्या डॉक्टरांचे उत्तर शंभरांत ६१ वेळा बरोबर आले, विशेषज्ञांचे ७३ वेळा, आणि रक्तचाचणीचे ९१ वेळा.

या आकड्याने साध्या डॉक्टरांनी खट्टू होण्याचे कारण नाही. नाणेफेक केली तरी ५० बरोबर येतात हे खरे. पण सुरुवातीच्या अल्झायमरची लक्षणे नैराश्य, लहानसहान पक्षाघात, झोपेच्या गोळ्या अशा दहा गोष्टींसारखी दिसतात. स्वीडनमध्येही तीच गत, तर आपल्या ओपीडीच्या गर्दीत काय असेल याचा विचार करावा. म्हणून या चाचणीचे मी मनापासून स्वागत करतो. पण तो निबंध वाचून कोणी असे समजू नये की, आता डॉक्टरने विचारपूस करण्याची गरज उरली नाही. गरज उलट वाढली आहे. कशी, ते थोड्या हिशेबाने सांगतो. आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत.

समजा, एखादी चाचणी शंभर रोग्यांपैकी ९० जणांना बरोबर पकडते, आणि शंभर निरोगी माणसांपैकी ९० जणांना बरोबर सोडते. आता स्मरणाची ठळक तक्रार असलेली शंभर माणसे घ्या आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर हा रोग आहे असे धरा. चाचणी ५० पैकी ४५ रोग्यांना पकडेल आणि ५० निरोग्यांपैकी ५ जणांना चुकून पकडेल. म्हणजे 'दोष आहे' असा कागद मिळालेल्या ५० जणांपैकी ४५ जणांच्या बाबतीत तो खरा. आता दुसरी शंभर माणसे घ्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात रांगेला उभी असलेली, कोणतीही तक्रार नसलेली. त्यांतल्या १० जणांना रोग आहे असे धरू. चाचणी १० पैकी ९ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९० जणांपैकीही ९ जणांना चुकून पकडेल. आता १८ जणांच्या हातात कागद, त्यांतले निम्मे खोटे. चाचणी तीच, सुई तीच, यंत्र तेच. फक्त रांगेत कोण उभे आहे ते बदलले.

विचारपूस करून योग्य माणूस रांगेत उभा करणे, हे डॉक्टरचे काम यंत्र करीत नाही. शिबिरातील पॅकेजात आज ना उद्या या चाचणीचे नाव दिसू लागेल. तेव्हा हा हिशेब आठवावा.

मंजूर झालेल्या पहिल्या चाचणीचे आकडेही सांगतो. स्मरणाची तक्रार असलेल्या ४९९ जणांच्या रक्तावर ती पारखली गेली. जिथे चाचणीने 'आहे' म्हटले, त्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत गाळ असल्याचे पेट स्कॅनने किंवा मणक्यातील पाण्याने सिद्ध झाले. जिथे 'नाही' म्हटले, त्यांपैकी ९७.३ टक्के लोकांत तो खरोखर नव्हता. पाचांत एकाहून थोड्या कमी लोकांना मात्र 'आहे'ही नाही आणि 'नाही'ही नाही, असे मधलेच उत्तर मिळाले. थोडक्यात, रोग नाही असे सांगण्यात ही चाचणी अधिक पक्की आहे.

आणखी दोन अडचणी आपल्याकडे विशेष आहेत. मूत्रपिंड अशक्त झालेल्या माणसाच्या रक्तात हे प्रथिन साचून राहते, म्हणून मेंदूत फारसे काही नसताना आकडा चढलेला दिसू शकतो. मधुमेह आणि रक्तदाब यांनी मूत्रपिंड थकलेले ज्येष्ठ आपल्याकडे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. चाचणीपूर्वी क्रिएटिनिन पाहिलेले असावे. दुसरी अडचण वाहतुकीची. ॲमिलॉइड तपासण्यासाठी काढलेले रक्त वेळेत फिरवून वेगळे करावे लागते आणि थंड ठेवावे लागते. ताम्हिणीकडे काढलेली नळी दुपारभर दुचाकीच्या डिकीत फिरून संध्याकाळी पुण्याला पोहोचली, तर आलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

कंपवात आणि इतर मज्जाविकारांचे काय, असेही काही जण विचारतील. तिथे रक्ताची गाडी मागे आहे. न्यूरोफिलामेंट नावाचे एक प्रथिन मज्जापेशी तुटू लागल्या की रक्तात वाढते. पण ते धुरासारखे आहे. कुठेतरी जळते आहे एवढे कळते, चूल कोणाची ते कळत नाही. तरी त्याचा उपयोग झाला आहे. हातापायांचे स्नायू झिजत जाणाऱ्या एएलएस या दुर्धर आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावरील टोफर्सेन हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये सशर्त मंजूर झाले, ते मुख्यतः रक्तातील हे प्रथिन उतरले या पुराव्यावर. कंपवाताचे निदान मात्र आजही डॉक्टरने रुग्णाला चालताना, उठताना, सही करताना पाहूनच होते.

आधी स्वस्त तपासण्या

आता मुख्य गोष्ट. विस्मरणासाठी रक्त तपासायचे असेल, तर आपल्या तालुक्यात पहिली नळी पी-टाऊची नसावी. ती असावी जीवनसत्त्व ब-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि सोडियम यांची. यांतल्या बहुतेक तपासण्या पौडला होतात.

ब-१२ चे महत्त्व पुणे जिल्ह्याने देशाला दाखवून दिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिसायला धडधाकट असलेल्या या पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. सर्वांत वाईट स्थिती शहरातील मध्यमवर्गाची होती. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळते. आपल्या माळकरी घरांत ते दूध-दह्यापुरतेच येते, आणि दूध तर डेअरीला जाते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी उतरते. ब-१२ कमी झाले की हातापायांना मुंग्या, तोल जाणे, चिडचिड आणि विस्मरणही होते.

माण खोऱ्याकडच्या एक बाई सुनेबरोबर आल्या होत्या. पासष्टीच्या, माळकरी. आयुष्यभर भाजणी केलेली, पण त्यात काय काय घालतात ते आता सुचेना. पाय जड पडत. ब-१२ अगदी तळाला होते. इंजेक्शने सुरू केली. तीन महिन्यांनी भाजणीही आठवली आणि मला दोन सूचनाही मिळाल्या. दुसरे एक गृहस्थ, पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचेही ब-१२ कमी होते, इंजेक्शने दिली, आकडा वर गेला, विस्मरण मात्र वाढतच गेले. स्वतःच्याच शेताकडे जाणारी वाट त्यांना सापडेना. पुण्याच्या तज्ज्ञांनी पुढे अल्झायमरचे निदान केले. ब-१२ ची कमतरता आपल्याकडे इतकी सर्रास आहे की, ती सापडली म्हणजे विस्मरणाचे कारण सापडले, असे होत नाही. भरून काढावी, तीन महिने वाट पाहावी, आणि फरक नसेल तर पुढे जावे.

औषधांची पिशवीही उलटी करून पाहावी लागते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, कंपासाठी दिलेल्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला झाकोळून टाकतात. कानाने कमी ऐकू येणारा माणूस विसरतो असे वाटते. त्याने मुळात ऐकलेलेच नसते. जोडीदार गेल्यावरचे नैराश्य हुबेहूब विस्मरणासारखे दिसते. शेतात वा मोरीत पडून डोक्याला मार बसल्यावर आठवड्यांनी मेंदूवर रक्त साचते, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येते. दारूचे तर बोलायलाच नको. यांतले कोणतेही कारण पी-टाऊच्या नळीत दिसत नाही.

पत्रलेखक गुरुजींच्या तक्रारीबद्दल एवढेच सांगतो. नाव ओठांवर येऊन अडणे आणि तासाभराने आपोआप आठवणे, हे बहुधा वयाचे लक्षण. काळजीची गोष्ट वेगळी असते. आवणाच्या दिवसांत लावणी झाली का म्हणून विचारायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारायचे. पौडच्या स्टँडवर उतरल्यावर घर कोणत्या अंगाला ते न कळणे. आयुष्यभर केलेला हिशेब न जमणे. आणि विशेष म्हणजे, अशा वेळी तक्रार माणूस स्वतः करीत नाही, घरचे करतात. स्वतः पत्र लिहून विचारणाऱ्या गुरुजींनी तूर्त पी-टाऊच्या मागे न लागता वरच्या साध्या तपासण्या कराव्यात आणि कानही तपासून घ्यावेत.

भारताचे आकडे पाहिले तर विषय लहान नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देशव्यापी वृद्ध पाहणीला जोडून, दिल्लीच्या एम्ससह अनेक संस्थांनी स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यावरून साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज निघाला. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळला. खेड्यातला माणूस मोकळ्या हवेत राहतो म्हणून त्याला हा आजार होत नाही, ही समजूत यातून निघून जावी.

पण रक्तचाचण्यांच्या मर्यादा कुठे आखायच्या, हे आजवर मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या लोकांवरून ठरले. आपल्या लोकांत मधुमेह, रक्तदाब, ब-१२ ची उणीव आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार एकत्र नांदतात. म्हणून आपल्या रक्ताचा अभ्यास आपल्याच गावांत व्हायला हवा. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने २०१८ पासून असा अभ्यास चालविला आहे. ४५ वर्षांपुढील दहा हजार गावकऱ्यांना सामील करून घेणे हे त्याचे उद्दिष्ट. त्यांचे रक्त, स्मरणशक्ती, मेंदूचे चित्र वर्षानुवर्षे तपासत राहायचे. अशा गावकऱ्यांना त्यातून आज काही मिळत नाही. तरी ते हात पुढे करतात, याचे मला कौतुक वाटते.

दोष निघाला तर

गुरुजींचा दुसरा प्रश्न खरा अवघड आहे. मेंदूतील गाळ काढणारी दोन औषधे अमेरिकेत मंजूर आहेत, लेकानेमॅब २०२३ मध्ये आणि डोनानेमॅब २०२४ मध्ये. लेकानेमॅबच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीत दीड वर्षात आजाराचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. ऐकायला मोठा वाटणारा हा फरक १८ गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी आहे. औषध सलाइनवाटे घ्यायचे, मेंदूत सूज वा रक्तस्राव होतो का ते पाहण्यासाठी वरचेवर एमआरआय काढायचे. आजार थांबत नाही, गेलेले स्मरण परत येत नाही, आणि हे औषध सुरुवातीच्याच टप्प्यावर उपयोगी. माझ्या मते आज आपल्याकडील बहुतेक घरांनी त्यासाठी जमीन विकू नये. दहा वर्षांनी याहून चांगले औषध आले तर मी मत बदलीन.

मग निदानाचा उपयोग काय? उपयोग आहे. म्हातारा मुद्दाम छळतो, ही घरातली समजूत जाते. गॅस, विहीर, ट्रॅक्टरची किल्ली यांची व्यवस्था वेळेत होते. सून एकटीच भरडली जाऊ नये म्हणून पाळ्या लावता येतात. आणि माणूस शुद्धीवर आहे तोवर आपल्या मनाप्रमाणे मृत्युपत्र करू शकतो.

इथे मला आपल्या तालुक्यापुरते काही स्पष्ट लिहायचे आहे. हिंजवडीपासून लवासापर्यंत जमिनीचे भाव काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सातबारावर नाव असलेला विसराळू म्हातारा ही आता केवळ वैद्यकीय गोष्ट राहिलेली नाही. एक बाजू त्याला घाईने गाडीत घालून खरेदीखतावर अंगठा घ्यायला नेते. दुसरी बाजू त्याला वेडा ठरवायला डॉक्टरकडे कागद मागते. माझ्याकडे दोन्ही बाजू येऊन गेल्या आहेत. उद्या ही रक्तचाचणी आपल्याकडे रुळली की, तिचा कागद अशा भांडणात फडकवला जाईल. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२ प्रमाणे, करार करताना त्या वेळी माणसाला व्यवहार कळतो का आणि आपले हित पाहून निर्णय घेता येतो का, हे पाहायचे असते. रक्तातील प्रथिनाचा आकडा त्याचे उत्तर देत नाही. आकडा चढलेला माणूस कित्येक वर्षे आपला व्यवहार चोख सांभाळू शकतो, आणि आकडा सरळ असलेला माणूस पक्षाघातानंतर तो सांभाळू शकत नाही. म्हणून ही तपासणी करायची तर ती त्या माणसाला समजावून, त्याच्या संमतीने करावी आणि कागद आधी त्याच्या हातात द्यावा. भाऊबंदांपैकी कोणी परस्पर रक्त काढून आणले, तर डॉक्टरने ती नळी पुढे पाठवू नये. ज्येष्ठांवर दडपण येत असेल तर १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

टाळता येण्याजोगे जे आहे ते जुनेच आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने १४ कारणांची यादी दिली. ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, एकटेपणा, डोक्याला मार ही सर्व आपल्या ओळखीची मंडळी आहेत. हेल्मेटही त्यातच आले, आणि चांदणी चौकाकडे रोज दुचाकीवर जाणाऱ्या तरुणांनी ते वाचून ठेवावे.

घरातील कोणाला विस्मरणासाठी दाखवायचे असेल तर त्यांच्यासोबत रोज राहणारी व्यक्ती आली पाहिजे. मुंबईहून सणाला येणारा मुलगा चालणार नाही. विस्मरण कधी सुरू झाले, हळूहळू वाढले की एकदम, हे वहीच्या पानावर लिहून आणावे. चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर ते घालून यावे. आणि घरात जेवढ्या गोळ्या आहेत, आयुर्वेदिक, इंग्रजी, शेजारणीने दिलेल्या, तेवढ्या सगळ्या पिशवीत भरून आणाव्यात. नावे पाठ असतील तरी पाकिटेच आणावीत.